खापरपणजोबांचा पत्ता: घराण्याचा इतिहास ग्रंथालयात कसा शोधावा

आमच्या कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीच्या पुस्तकात, खापरपणजोबांच्या नावापुढे एकच शब्द छापला आहे: निर्वंश. ते पान मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा संदर्भ विभागात पंख्याचा आवाज आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं, एवढंच होतं. निर्वंश गेलेल्या माणसाचा खापरपणतू त्याच्याच नावावर बोट ठेवून बसला होता. पुढे उलगडा झाला तो असा. खापरपणजोबा तरुणपणी कोकणातलं गाव सोडून घाट चढून देशावर आले, भाऊबंदांशी येणंजाणं तुटलं, आणि कित्येक वर्षांनी संपादकांनी माहिती मागवली तेव्हा आमच्या शाखेकडून कोणी काही कळवलंच नाही. गावाकडच्यांनी सांगितलं असणार, ते गेले ते गेलेच, पुढे काही ठाऊक नाही. झालं, छापलं.

हा गुंता सुटायला मला तीन वर्षं लागली. निम्मं काम सार्वजनिक ग्रंथालयांत झालं आणि पहिले कित्येक महिने निव्वळ वाया गेले, कारण मी आडनाव शोधत होतो. शोधायचं असतं गाव. आडनाव बदलतं. एकाच घरातला एक भाऊ हुद्द्यावरून कुलकर्णी किंवा देशमुख लावतो, दुसरा गावाच्या नावाला 'कर' जोडतो. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेली चार घराणी एकच आडनाव लावतात. गाव मात्र जागचं हलत नाही, धरणाखाली गेलं असेल तेवढाच अपवाद. मला हे एका वयस्क ग्रंथपालांनी शिकवलं. मी आडनाव सांगायला लागलो तसं त्यांनी हात वर केला: "आडनाव राहू द्या हो. गाव सांगा, तालुका सांगा."

आधी घरचं दप्तर

ग्रंथालयात रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्याकडे श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावं उच्चारतात, त्यामुळे ज्या घरांत श्राद्ध चालू आहे तिथे पणजोबांपर्यंत सहसा अडत नाही. अडतं ते त्याच्या पलीकडे. म्हणून पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसणं. माझा अनुभव असा की पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, बायकांना माणसं. आत्याला विचारा, चुलतआजीला विचारा. तुमच्या घरातून दुसऱ्या घरी गेलेली मुलगी कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाच्या घरात दिली हे तिला जसं सांगता येईल तसं वडिलांना येणार नाही.

काय विचारायचं? कुलदैवत कुठलं आणि तिथे कोण जातं. देवक किंवा गोत्र. गावच्या जत्रेचा महिना. मूळ गावातल्या घराचं किंवा शेताचं नाव, कारण शेतांनाही नावं असतात आणि ती जुन्या कागदांत जशीच्या तशी सापडतात. घर सोडायचं कारण काय सांगतात. कोणी दत्तक गेलं होतं का, दत्तक आलं होतं का. मग जुन्या ट्रंका काढा: पत्रिका, लग्नपत्रिका, खरेदीखतं, पोस्टाची पासबुकं, देवघरातल्या पोथीचं शेवटचं पान. पोथी नकलून घेणारा बहुधा शेवटी आपलं नाव, गाव आणि शक लिहून ठेवतो.

एक इशारा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी धरू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची तारीख घरात कोणाला माहीत नसायची, आणि मास्तर सहा वर्षांचा हिशेब करून १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या दोन्ही आजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो याच हिशेबाने.

जे मिळेल ते माणशी एका कार्डावर लिहा: नाव, बापाचं नाव, आईचं नाव आणि माहेर, गाव, काळ, आणि हे कोणी सांगितलं. शेवटचा रकाना सोडलात तर वर्षभराने दोन परस्परविरोधी तारखा समोर येतील आणि कोणती कुठून आली हे आठवणार नाही. काळ नेमका नसला तरी अंदाज मांडा. पिढीला २५ ते ३० वर्षं धरून मागे जा. पणजोबा १८९५च्या आसपास जन्मले असतील तर त्यांचे वडील १८६५ ते १८७०च्या दरम्यानचे. एवढा अंदाज असला की ग्रंथालयात कोणत्या कपाटापाशी जायचं ते कळतं.

कोणत्या ग्रंथालयात जायचं

दोन ठिकाणी. एक, मूळ गावाच्या तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं जुनं वाचनालय. दोन, एखादं मोठा संदर्भ विभाग असलेलं शहरातलं ग्रंथालय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. अशा संस्थांत शंभर-दीडशे वर्षं जमत आलेला ऐवज असतो, आणि त्यातला सगळाच तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या यादीत, नीट चढलेला असतो असं नाही.

छोट्या वाचनालयांना कमी लेखू नका. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. 'ड' वर्गाच्या गावातल्या वाचनालयात कदाचित चारच कपाटं असतील, पण त्यातल्या एकात गावच्या हायस्कुलाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असेल, आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नसेल.

जाण्याआधी फोन करा. संदर्भ विभाग आणि देवघेव विभाग यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात, आणि जुनी पुस्तकं काढून देणारी व्यक्ती रोज असतेच असं नाही. समोर गेल्यावर "घराण्याचा इतिहास पाहिजे" असं म्हणू नका, त्याला उत्तर नाही. असं म्हणा: "अमुक तालुक्यातलं अमुक गाव, साधारण १८५० ते १९२०. गॅझेटियर, कुलवृत्तांत, स्थानिक इतिहास आणि स्मरणिका बघायच्या आहेत." ज्या ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत आहे तिथे वंशावळी आणि घराण्यांचे इतिहास ९२९ला, चरित्रं ९२०ला मिळतात. पण मराठी ग्रंथालयांत कुलवृत्तांत कधी इतिहासात, कधी चरित्रात, कधी 'संकीर्ण' नावाच्या अथांग कप्प्यात असतात. तालिकेत नाही म्हणजे ग्रंथालयात नाही असं समजू नका.

गाव नकाशावर बसवा

आता गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेलं जिल्ह्याचं माहितीपुस्तक. पण त्याआधी तुमचं गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं ते ठरवा, नाहीतर चुकीचा खंड मांडीवर घेऊन बसाल. सिंधुदुर्ग १९८१मध्ये रत्नागिरीतून निघाला. जालनाही १९८१चाच. लातूर आणि गडचिरोली १९८२चे, नंदुरबार आणि वाशिम १९९८चे, पालघर २०१४चा. रायगडला आधी कुलाबा म्हणत. जळगाव आणि धुळे मिळून पूर्वी एकच खानदेश होता, १९०६मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तिथलं जुनं दप्तर बऱ्याच अंशी उर्दू-फारसीत. वऱ्हाड-नागपूरचं प्रशासन वेगळं, त्यामुळे त्यांची पुस्तकंही वेगळी. आणि गाव संस्थानात असेल, म्हणजे कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी, जंजिरा वगैरे, तर त्या संस्थानाचे स्वतःचे अहवाल शोधावे लागतात.

मुंबई इलाख्याचं जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेलं इंग्रजी गॅझेटियर हा सगळ्यात भरवशाचा प्रारंभबिंदू. रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड आणि खानदेशचा बारावा १८८०चे, नाशिकचा सोळावा १८८३चा, पुण्याचा अठरावा आणि साताऱ्याचा एकोणिसावा १८८५चे. तुमच्या माणसाचं नाव त्यात जवळजवळ नक्कीच नसणार. मग वाचायचं कशाला? बाजाराचा वार, बंदर, घाटरस्ता, कोणत्या वर्षी पाऊस चुकला, कोणत्या जातीचे लोक काय धंदा करत आणि हंगामात कामाला कुठे जात, हे सगळं त्यात आहे. माझ्या गावाबद्दल जेमतेम सहा ओळी निघाल्या. त्यातल्या एका ओळीत तिथला माल कोणत्या घाटाने वर चढतो ते होतं, आणि त्या घाटाच्या वरच्या टोकाला जे बाजाराचं गाव, तिथेच आमचे खापरपणजोबा पुढे सापडले. माणसं मालाच्याच वाटेने जातात.

जातीजमातींवरची प्रकरणं मात्र चिमूटभर मीठ घेऊन वाचा. लिहिणारे साहेब होते, माहिती देणारे बहुधा वरच्या जातीचे कारकून, आणि दोघांच्या मनातले पूर्वग्रह शाईत उतरले आहेत. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे तीन खंड (१९२० ते १९२२) आणि मध्य प्रांतासाठी रसेल आणि हिरालाल यांचे चार (१९१६) याच सावधगिरीने हाताळा. देवकं, कुळं, उपशाखा यांच्या याद्यांसाठी ते उपयोगी आहेत, स्वभाववर्णनासाठी नाहीत.

गाव सोडण्याचं कारण बहुतेक वेळा या चार-पाच तारखांच्या आसपास सापडतं: १८७६ ते १८७८चा दुष्काळ, १८९६पासूनचा प्लेग आणि त्याच सुमाराचा दुष्काळ, १८९९-१९००चा छपन्नाचा दुष्काळ, १९१८ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ. आजी "मानमोडीत घर धुऊन निघालं" असं म्हणायची त्याला असं एक वर्ष असतं. कागद नसण्याचीही वर्षं असतात. गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत काही घरांची दप्तरं गेली. पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या कित्येक घरांतल्या ट्रंका वाहून गेल्या. अशा घरांना ग्रंथालयाचा आधार जास्तच लागतो.

कुलवृत्तांत कसा वाचायचा

हे पुस्तक हातात आल्यावर लोक थेट सूचीत आपल्या आजोबांचं नाव शोधतात. थांबा. आधी प्रस्तावना आणि खुणांचा खुलासा वाचा. प्रत्येक संपादकाची संक्षेपांची पद्धत वेगळी. पिढीचा आकडा कुठे घातलाय, शाखा कशा पाडल्यात, शक दिलाय की इसवी सन, दत्तकाची खूण काय, माहिती कोणी पुरवली. प्रस्तावनेत संपादक बहुतेक वेळा प्रांजळपणे सांगतात की अमुक शाखांकडून उत्तर आलं नाही. आमच्या पुस्तकात ते होतं, तिसऱ्या पानावर. मी ते आधी वाचलं असतं तर 'निर्वंश' या शब्दाचा मला एवढा धक्का बसला नसता.

मग वंशवृक्ष कागदावर उतरवा, फक्त आपल्या फांदीच्या आजूबाजूचा. नावांची पुनरावृत्ती होणारच, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. महादेव-गणेश-महादेव-गणेश अशी सात पिढ्यांची माळ दिसली की कोणता महादेव ते भावांच्या नावांवरून ठरवा. एकटं नाव काही सिद्ध करत नाही. बाप, भाऊ, गाव आणि काळ असं चौकोनी जुळलं तरच माणूस तोच.

आता ती युक्ती, जिच्यामुळे माझं काम झालं. बायका कुलवृत्तांतात दोनदा येतात: माहेरच्या पुस्तकात कन्या म्हणून आणि सासरच्या पुस्तकात भार्या म्हणून. लग्नानंतर नाव बदललेलं असतं, पण सासरच्या नोंदीत बहुधा माहेरचं नाव, बापाचं नाव आणि बापाचं गाव दिलेलं असतं. म्हणजे आपल्या पुस्तकात आपला माणूस हरवला असेल तर त्याच्या व्याह्यांच्या पुस्तकात तो सापडू शकतो. आत्याने सांगितलं होतं की पणजोबांची एक बहीण अमुक आडनावाच्या घरात दिली होती. त्या घराण्याचा कुलवृत्तांत मागवला. दोन दुपार गेल्या. शेवटी एका नोंदीत तिचं माहेरचं नाव, बापाचं म्हणजे खापरपणजोबांचं पूर्ण नाव आणि पुढे बापाचं गाव, कोकणातलं जुनं नव्हे तर देशावरचं नवं. ज्या माणसाला एका पुस्तकाने निर्वंश ठरवलं त्याच्या मुलीचा संसार दुसऱ्या पुस्तकात आठ मुलांसह नांदत होता.

त्या पानाच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने एका मृत्युशकाची दुरुस्ती केली होती. समासातल्या अशा नोंदी उतरवून घ्या. कुलवृत्तांताचे वाचक बहुधा त्या घरातलेच असतात, आणि चूक दिसली की हात आवरत नाही. पुरावा म्हणून नाही, पण धागा म्हणून त्यांची किंमत मोठी. स्वतः मात्र पेन्सिल लावू नका.

हेही स्पष्ट सांगायला हवं की छापील कुलवृत्तांत बहुतांशी ब्राह्मण घराण्यांचे, त्यातही चित्पावनांचे. इतर काही समाजांतल्या घराण्यांचे इतिहास छापलेले आहेत, पण तुमच्या घराण्याचा नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तिथे दार बंद होत नाही. ज्ञातीच्या मासिकांचे जुने अंक मागा: वधुवर याद्या, देणगीदारांच्या याद्या, वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांची नावं, निधनवार्ता. देशमुख, देशपांडे, पाटील अशा वतनदार घरांसाठी छापील ऐतिहासिक कागद आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर फिरून वंशावळी सांगत आले आहेत, काही समाजांचे भाट आहेत, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या यजमानांच्या सह्या आणि वंशावळी आहेत. त्या वह्याही गावावरूनच उघडतात. तिथेही कोणी आधी आडनाव विचारत नाही.

छापलेले जुने कागद आणि तारखांची कटकट

अठराव्या शतकात शिरायचं असेल तर मोडी शिकण्याआधी छापलेलं संपवा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ दरम्यान संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड जिल्ह्याच्या कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात असतात. पुन्हा, स्थलसूचीपासून सुरुवात. जुन्या कागदांत आडनाव कित्येकदा नसतंच. 'राणोजी बिन कृष्णाजी' म्हणजे कृष्णाजीचा मुलगा राणोजी; काही भागांत 'बिन'च्या जागी 'वलद'. पुढे हुद्दा आणि 'मौजे' अमुक. ओळख पटवायला एवढंच हाती.

तारखा अशा सोडवा. शालिवाहन शकात ७८ मिळवा. तारीख पौष ते फाल्गुनातली आणि इंग्रजी जानेवारी लागल्यावरची असेल तर ७९. महसुली कागदांतल्या आपल्याकडच्या फसली सनात ५९० किंवा ५९१. पेशवाईतला अरबी म्हणजे शुहूर सन शब्दांत असतो आणि तो पाहून लोक पुस्तक मिटतात. 'सन अर्बा खमसेन मया व अलफ': अर्बा चार, खमसेन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११५४. त्यात ५९९ मिळवले की १७५३, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६००. दहा-बारा शब्द पाठ केलेत की हे पाढ्यांइतकं सोपं होतं. नुसतं संवत्सराचं नाव असेल तर जपून, ते ६० वर्षांनी पुन्हा येतं. शके १७९८ धाता होतं आणि शके १८५८ही धाताच. नेमकी इंग्रजी तारीख काढायला संदर्भ विभागात जंत्री, म्हणजे शक आणि इंग्रजी तारखांचा मेळ घालणारं पुस्तक, मागा.

वर्तमानपत्रं, स्मरणिका आणि बाकी

वर्तमानपत्रांच्या बांधीव अंकांत नाव शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. केसरी १८८१पासून, ज्ञानप्रकाश १८४९ ते १९५१, सकाळ १९३२पासून. तारीख हातात असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. स्मरणिकांचं उलट आहे. शाळेचा शताब्दी अंक, सहकारी बँकेची पंचवीस वर्षं, देवस्थानचा जीर्णोद्धार, यांत माजी विद्यार्थी, संचालक, देणगीदार यांच्या याद्या असतात, बापाच्या नावासकट. घरात कोणी चळवळीत तुरुंगात गेलं असेल तर राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाचा स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश बघा. जनगणनेच्या घरोघरच्या तक्त्यांची आशा मात्र सोडा. परदेशातल्या वंशावळ-मार्गदर्शकांत तीच पहिली पायरी असते, पण आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याप्रमाणे व्यक्तीची माहिती गोपनीय आहे. जिल्हा जनगणना पुस्तिका मिळते, तिचा उपयोग गावाचं नेमकं नाव आणि तालुका तपासायला होतो. एका तालुक्यात तीन वडगाव असतात तेव्हा तो उपयोग कळतो.

फोटो काढण्याआधी विचारा. परवानगी मिळाली की पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेल्या दाखल क्रमांकाचा, मग हवं ते पान, पानाच्या आकड्यासकट. फ्लॅश बंद. जुन्या पुस्तकाची झेरॉक्स मागू नका, पाठ दाबली की शिवण तुटते आणि कसर लागलेलं पान हातात येतं.

ग्रंथालयातून तहसील कचेरीकडे

ग्रंथालयात गाव, काळ आणि एक-दोन नावं हाती आली की सरकारी दप्तराला विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो. त्याआधी गेलात तर नुसते हेलपाटे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्याच्या मागच्या काळासाठी गाव नमुना १४ मागायचा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतं, असतं ते बापाचं नाव आणि 'मुलगा' की 'मुलगी'. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं: ताप, पटकी, देवी. जमीन असेल तर सातबारावर जे आकडे वर्तुळांत दिसतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक. त्यांतला वारसाचा फेरफार काढा. कोण वारला आणि मागे कोण कोण राहिलं हे एका ठिकाणी लिहिलेलं दुसरीकडे क्वचितच मिळतं, आणि कित्येकदा मुलींची नावंही त्यातच पहिल्यांदा भेटतात. आमच्या खापरपणजोबांचे तीन मुलगे मला अशाच एका फेरफारात सापडले, मधल्याचं नाव पणजोबांचं. बऱ्याच तालुक्यांतले जुने अभिलेख आता शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. आधी तिथे बघा, मग कचेरीत जा. जात पडताळणीसाठी हे सगळं करत असाल तर ग्रंथालयातल्या टिपणांवर थांबू नका, तिथे मूळ नोंदीच्या प्रमाणित नकला लागतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दप्तर बरंचसं मोडीत आहे. आधी रेघ ओढून घेतात, मग अक्षरं तिला लोंबकळत एका दमात लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही. महिनाभर रोज अर्धा तास घातलात तर आपल्या गावाचं आणि आपल्या माणसांचं नाव ओळखण्याइतकी मोडी येते. सबंध कागद वाचायला जाणकार लागतो. त्यापुढचा मुक्काम म्हणजे पुण्याचं पुराभिलेखागार, जिथे पेशवे दफ्तर आहे, पुण्याचंच १९१०चं भारत इतिहास संशोधक मंडळ, किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. तिथे जाताना कार्डांचा गठ्ठा बरोबर न्या. तोवर तो चांगला जाड झालेला असेल.

सगळं जुळल्यावर मी एका पानावर आमच्या शाखेची सहा पिढ्यांची नोंद टाइप केली, प्रत्येक नावापुढे पुरावा कुठला ते लिहिलं आणि ते पान घेऊन त्याच ग्रंथालयात गेलो. आडनाव सांगताना मला अडवणारे ग्रंथपाल तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी पान दोनदा वाचलं, दाखल क्रमांक घातला, आणि कुलवृत्तांताच्या त्या पानालगत खळीने चिकटवलं. आता 'निर्वंश' या शब्दाच्या शेजारी आमची घडी आहे. उघडावी लागते, कारण पान पुस्तकापेक्षा लांब झालं.